सात वर्षं संपतात कधी? ऑलिव्हिया डी हॅविलंड आणि हॉलिवूडचे करार

मे १९४३ मध्ये ऑलिव्हिया डी हॅविलंडचा वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओशी असलेला सात वर्षांचा करार संपला. म्हणजे कॅलेंडरच्या हिशेबानं संपला. स्टुडिओच्या वहीत तिच्या नावावर अजून पंचवीस आठवडे बाकी होते. करार सात वर्षांचा, सात वर्षं उलटलेली, मग बाकी कसली? एवढ्या एका प्रश्नावर तिनं स्टुडिओला कोर्टात खेचलं, आणि त्या खटल्यानं हॉलिवूडमध्ये नटनट्यांना बांधून ठेवण्याची रीतच खिळखिळी केली. तिच्या दोन ऑस्करबद्दल, एरॉल फ्लिनबरोबरच्या जोडीबद्दल आणि सख्ख्या बहिणीशी धरलेल्या अबोल्याबद्दल भरपूर लिहून झालंय. खटला मात्र बहुतेक ठिकाणी दोन वाक्यांत उरकला जातो. माझ्या मते तिच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम तेच आहे, म्हणून इथे प्रमाण मुद्दाम उलटं ठेवलंय.

आधी थोडं मागचं. ऑलिव्हियाचा जन्म १ जुलै १९१६ चा, टोकियोतला. आईवडील इंग्रज, वडील तिथे पेटंटच्या कामातले वकील होते. पुढच्याच वर्षी धाकटी बहीण जोन झाली. १९१९ मध्ये आई दोघी मुलींना घेऊन कॅलिफोर्नियातल्या साराटोगा गावी स्थिरावली आणि तिथे तिनं दुसरं लग्न केलं. सावत्र वडील भयंकर कडक. शाळेच्या नाटकात काम करायचं की या घरात राहायचं, असा पेच त्यांनी टाकला तेव्हा ऑलिव्हियानं नाटक निवडलं आणि घर सोडलं. तरीही व्हायचं होतं तिला शिक्षिका. ओकलंडच्या मिल्स कॉलेजची शिष्यवृत्तीही मिळाली होती. पण १९३४ च्या उन्हाळ्यात माक्स राइनहार्ट या बड्या दिग्दर्शकानं हॉलिवूड बोलच्या खुल्या रंगमंचावर शेक्सपिअरचं ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ बसवायला घेतलं. त्यात हर्मियाच्या भूमिकेसाठी राखीव म्हणून ठेवलेल्या या मुलीला ऐन वेळी खरोखरच उभं राहावं लागलं. तोच खेळ वॉर्नर ब्रदर्सनं चित्रपटासाठी घेतला आणि तिलाही घेतलं. नोव्हेंबर १९३४ मध्ये तिनं सही केली. वय अठरा, पगार आठवड्याला २०० डॉलर. मंदीच्या त्या दिवसांत ही रक्कम डोळे दिपवणारी होती.

पुढच्या वर्षी ‘कॅप्टन ब्लड’ आला, फ्लिनबरोबर जोडी जमली, आणि दोघांनी मिळून आठ चित्रपट केले. १९३८ चा रंगीत ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ आजही बघावासा वाटतो. पण ती त्यात करते काय, तर सुंदर दिसते, संकटात सापडते आणि वाचवली जाते. तिला हे कळत होतं, आणि बोचतही होतं. दरम्यान एप्रिल १९३६ मध्ये स्टुडिओनं तिच्याशी नवा, वाढीव पगाराचा करार केला होता. सगळी भानगड या कागदातली.

त्या काळच्या स्टुडिओ करारात तीन कळी होत्या. एकेकटी पाहिली तर कुठलीच फार वाईट वाटत नाही. त्या एकत्र आल्या की माणूस अडकतो.

पहिली कळ मुदतीची. ‘सात वर्षांचा करार’ ऐकून वाटतं की सात वर्षं नोकरी पक्की. तसं नव्हतं. करार खरा बावन्न आठवड्यांचा, आणि पुढे तसाच आणखी सहा वेळा वाढवण्याचा पर्याय. हा पर्याय फक्त स्टुडिओच्या हातात. स्टुडिओला नटी नकोशी झाली तर वर्षअखेरीस तिला नारळ देता येई. नटीला स्टुडिओ नकोसा झाला तर तिला काहीच करता येत नसे. पगारवाढसुद्धा आधीच ठरवून टाकलेली. मधल्या काळात तिचा चित्रपट तुफान चालला, तरी आकडा तोच.

दुसरी कळ मक्तेदारीची. करार असेपर्यंत परवानगीशिवाय दुसऱ्या कुणाकडे काम नाही. स्टुडिओला मात्र तिला दुसऱ्या स्टुडिओकडे ‘उसनी’ द्यायची मुभा. दुसरा स्टुडिओ तिच्या पगारापेक्षा जास्त रक्कम मोजणार, वरचा फरक मालकाच्या खिशात, तिच्या हाती नेहमीचाच पगार. कधी पैशांऐवजी माणसांची अदलाबदल होई. पॅरामाउंटला ‘होल्ड बॅक द डॉन’साठी ऑलिव्हिया हवी होती आणि वॉर्नरला ‘डाइव्ह बॉम्बर’साठी पॅरामाउंटचा फ्रेड मॅकमरे. झाला सौदा.

तिसरी कळ सगळ्यात धूर्त. दिलेली भूमिका नटीनं नाकारली की निलंबन. म्हणजे पगार बंद, आणि दुसरीकडे कामही बंद. किती दिवस? ती भूमिका दुसऱ्या नटीला देऊन तिचं काम पुरं होईपर्यंत. आणि हे सगळे आठवडे कराराच्या शेवटी जोडायचे. समजा भूमिका नाकारली आणि ते काम दहा आठवडे चाललं. दहा आठवडे घरी बसा, बिनपगारी. शिवाय सुटकेची तारीख दहा आठवडे पुढे. त्या वाढीव दहा आठवड्यांत स्टुडिओनं आणखी एक भिकार पटकथा पाठवली आणि तीही नाकारली, तर त्या वाढीव मुदतीला आणखी वाढ. ऊसतोड कामगाराची उचल जशी एका हंगामात फिटत नाही आणि पुढच्या हंगामाला चिकटते, तशी ही आठवड्यांची उचल. पैशांच्या बाबतीत दोघांची तुलना करणंही पाप, पण बांधण्याची तऱ्हा तीच.

यातली खोच अशी, की मिळेल ते निमूटपणे करणारी नटी सात वर्षांत सुटे आणि चांगल्या कामाचा आग्रह धरणारी अडकून राही. स्टुडिओला एखादीला धडा शिकवायचा असेल तर काही बेकायदा करावं लागत नसे. ती नाकारील अशी भूमिका पाठवली की झालं.

ऑलिव्हियाला हे कळलं ते ‘गॉन विथ द विंड’नंतर. मेलनीची भूमिका तिला हवी होती, निर्माता डेव्हिड सेल्झनिकलाही ती हवी होती, पण स्टुडिओचा प्रमुख जॅक वॉर्नर तिला सोडायला तयार नव्हता. उसनी दिलेली नटी डोक्यात वारं घेऊन परत येते, अशी त्याची धारणा. शेवटी ऑलिव्हियानं वॉर्नरच्या बायकोला, अ‍ॅनला, चहाला बोलावून साकडं घातलं आणि अ‍ॅननं नवऱ्याला वळवलं. १९३९ चा तो चित्रपट जगभर गाजला आणि ऑलिव्हियाला ऑस्करचं नामांकन मिळालं. वॉर्नरकडे परतल्यावर तिच्या वाट्याला काय आलं? बेट्टी डेव्हिस राणी एलिझाबेथ झालेल्या चित्रपटात राणीच्या पदरची एक मानकरीण. पुढचं नामांकन मिळालं १९४१ च्या ‘होल्ड बॅक द डॉन’साठी, म्हणजे पुन्हा उसन्या कामाला. जन्मभरात तिला पाच नामांकनं मिळाली, त्यातलं एकही वॉर्नरच्या चित्रपटासाठी नव्हतं. स्टुडिओला आपल्या घरातलं माणूस ओळखता आलं नाही, याचा याहून सरळ पुरावा मला तरी सापडत नाही.

ती भूमिका नाकारू लागली. निलंबनं होत गेली. आणि मे १९४३ उजाडला तेव्हा पंचवीस आठवडे साचले होते.

तिच्याआधी कुणी लढलंच नव्हतं असं नाही. १९३६ मध्ये बेट्टी डेव्हिस याच स्टुडिओला कंटाळून चित्रपट करायला इंग्लंडला निघून गेली. वॉर्नरनं लंडनच्या कोर्टात दावा लावला आणि ती हरली. त्याच वर्षी जेम्स कॅग्नी कॅलिफोर्नियात वॉर्नरविरुद्ध जिंकला, पण स्टुडिओनंच कराराचा भंग केला म्हणून. करार पाळणारा मालक नोकराला किती काळ बांधून ठेवू शकतो, हा मुद्दा दोन्हीकडे अस्पर्शच राहिला.

ऑलिव्हियाचे वकील मार्टिन गँग यांनी बोट ठेवलं ते कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्यातल्या २८५५ व्या कलमावर. कलम चित्रपटवाल्यांसाठी केलेलं नव्हतंच. कुणाही माणसाच्या अंगमेहनतीचा वा कौशल्याचा करार, काम सुरू झाल्यापासून सात वर्षांपलीकडे, त्या माणसाच्या इच्छेविरुद्ध अमलात आणता येणार नाही, एवढंच ते सांगत होतं. त्याचं मूळ १८७२ च्या दिवाणी संहितेत. तेव्हा मर्यादा दोन वर्षांची होती. नंतर ती पाच झाली आणि १९३१ मध्ये सात. सात वर्षांचे करार हॉलिवूडमध्ये रूढ झाले ते याच कमाल मर्यादेला टेकून. म्हणजे कलम सगळ्यांना ठाऊक होतं. स्टुडिओंनी त्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला होता, आणि तो अर्थ बरोबर आहे का, हे कोर्टाला विचारायला कुणी धजलं नव्हतं.

ऑगस्ट १९४३ मध्ये तिनं दावा दाखल केला. तिचं म्हणणं सोपं होतं: सात वर्षं म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरची सात वर्षं.

वॉर्नरची बाजू पोकळ नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ते म्हणत होते, सात वर्षं म्हणजे प्रत्यक्ष कामाची सात वर्षं. घरी बसलेले दिवस कसे धरायचे? काम तिनं स्वतः नाकारलं, तर त्याचा फायदा तिलाच कसा द्यायचा? आणि मुदत वाढवण्याचं कलम वाचून, समजून तिनंच सही केली होती. सज्ञान माणसाची सही मग कशासाठी असते?

खालच्या कोर्टानं निकाल तिच्या बाजूनं दिला. वॉर्नर अपिलात गेले. ८ डिसेंबर १९४४ रोजी अपील कोर्टानंही तोच निकाल कायम केला. कारणं वाचण्यासारखी आहेत. पहिलं असं की, कायद्यात ‘काम सुरू झाल्यापासून सात वर्षं’ असं लिहिलंय, प्रत्यक्ष कामाचे दिवस मोजा असं नाही. स्टुडिओचा अर्थ मान्य केला तर सात वर्षांची सेवा पुरी व्हायला किती वर्षं लागतील याला सीमाच उरत नाही, मग मर्यादा घालण्याचा हेतू काय राहिला? दुसरं कारण सहीबद्दलचं, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. एखादा हक्क फक्त माझ्या फायद्याचा असेल तर तो मी सोडून देऊ शकते. पण काही कायदे सगळ्या समाजाच्या भल्यासाठी असतात. त्यांच्यावर एकट्यादुकट्याच्या सहीनं पाणी सोडता येत नाही. तसं चालू दिलं तर प्रत्येक मालक नोकरी देतानाच ती सही मागेल आणि गरजू माणूस ती देईल. कोर्टानं असंही नोंदवलं, की अनुभव आणि कौशल्य वाढलं की माणसाला वर चढायची, आपल्या गुणांचं जास्तीत जास्त मोल मिळवायची वाजवी संधी मिळाली पाहिजे. सात वर्षांनी ही संधी प्रत्येकाला मिळावी, असं कायद्याला अभिप्रेत आहे.

निकाल काय म्हणत नाही, तेही नीट समजून घ्यायला हवं, कारण इथे बऱ्याच लेखांत गल्लत होते. नट मध्येच करार मोडू शकतो, असं कोर्टानं म्हटलं नाही. निलंबन बेकायदा ठरवलं नाही. सात वर्षांच्या आत स्टुडिओचा वचक होता तसाच राहिला. फक्त निलंबनाचे दिवस सात वर्षांच्या पुढे ढकलायची वाट बंद झाली. पण निलंबनाला धार होती ती त्या ढकलण्यामुळेच. सुटकेची तारीख हलत नाही म्हटल्यावर माणूस दात-ओठ खाऊन का होईना, वाट बघू शकतो.

फेब्रुवारी १९४५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं फेरविचाराला नकार दिला आणि ती सुटली. तोवरचा काळ सोपा नव्हता. ही नटी आमच्याकडे बांधलेली आहे, अशा नोटिसा वॉर्नरनं इतर स्टुडिओंना धाडल्या होत्या. ऐन भरातली जवळजवळ दोन वर्षं तिच्याकडे चित्रपट नव्हता. वकिलाची फी १३,००० डॉलर, ती पदरची. या काळात ती युद्धात जखमी झालेल्या सैनिकांना भेटायला लष्करी इस्पितळांचे दौरे करत होती. अलास्काजवळच्या अल्युशियन बेटांपासून दक्षिण पॅसिफिकपर्यंत गेली. फिजीत तर न्यूमोनियानं अंथरुणाला खिळली. पडद्यावरून दोन वर्षं गायब झालेल्या नटीला प्रेक्षक विसरतात, हा हॉलिवूडचा तेव्हाचा पक्का समज, आणि वॉर्नरची भिस्तही त्यावरच होती.

प्रेक्षक विसरले नाहीत. १९४६ मध्ये पॅरामाउंटच्या ‘टू ईच हिज ओन’मध्ये तिनं एका कुमारी मातेची भूमिका केली, कोवळ्या वयापासून पार प्रौढपणापर्यंत, आणि पहिलं ऑस्कर घेतलं. १९४८ च्या ‘द स्नेक पिट’मध्ये ती मनोरुग्णालयात अडकलेली बाई झाली. त्यासाठी तिनं खऱ्या रुग्णालयांत जाऊन तिथले उपचार आणि रुग्णांचं वागणं पाहिलं होतं. या चित्रपटामुळे अमेरिकेत मनोरुग्णालयांच्या दुरवस्थेवर उघड चर्चा झाली. ‘द एअरेस’ तर तिनं स्वतः जुळवून आणला. न्यूयॉर्कला नाटक पाहिलं आणि दिग्दर्शक विल्यम वायलरला जाऊन गाठलं. त्यात प्रियकरानं फसवलेली कॅथरीन बॅग उचलून जिना चढते, असा एक प्रसंग आहे. वायलरला तिचं चढणं पटेना. शेवटी लक्षात आलं की बॅग रिकामी आहे. त्यानं ती पुस्तकांनी भरायला लावली. पडद्यावर दिसणारी ती ओढत-खेचत चाललेली चाल खऱ्या वजनाची आहे. या भूमिकेला दुसरं ऑस्कर. स्वतः निवडलेली ही तीन कामं वॉर्नरकडच्या सगळ्या वर्षांशेजारी ठेवून बघावीत, खटला कशासाठी होता ते वेगळं सांगावं लागत नाही.

हॉलिवूडची स्टुडिओशाही या एका निकालानं कोसळली असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पॅरामाउंटच्या खटल्यात स्टुडिओंच्या चित्रपटगृहांवरच्या पकडीला हादरा दिला. पाठोपाठ टीव्ही आला. दरमहा शेकडो लोक पगारावर पोसणं स्टुडिओंना परवडेना. पण नटांच्या बाजूनं पहिली खीळ निघाली ती इथे. युद्धावरून परतलेल्या नटांनाही निकालाचा उपयोग झाला, कारण लढाईवर गेलेली वर्षं त्यांच्या करारांना जोडायची सोय उरली नाही. त्यांतल्या जेम्स स्टुअर्टनं पुन्हा कुठल्या स्टुडिओच्या दीर्घ कराराला स्वतःला बांधून घेतलंच नाही. १९५० च्या ‘विंचेस्टर ’७३’साठी त्यानं ठरावीक मानधनाऐवजी नफ्यात वाटा घेतला आणि त्यात गब्बर झाला.

बहिणीचं काय, हे विचारलं जाणारच. जोननं आईचं दुसरं आडनाव घेऊन जोन फोंटेन म्हणून नाव कमावलं, आणि १९४१ च्या चित्रपटांसाठी दोघी समोरासमोर उभ्या असताना ऑस्कर धाकटीनं नेलं. मुख्य भूमिकेचं ऑस्कर मिळवणारी ही भावंडांची एकमेव जोडी. भांडण खरं होतं आणि जोन २०१३ मध्ये वारली तोवर पुरतं मिटलं नाही. त्यापलीकडे यात चघळण्यासारखं काही आहे, असं मला वाटत नाही.

पन्नाशीच्या दशकात ऑलिव्हिया पॅरिसला गेली ती कायमची. १९५५ मध्ये फ्रेंच संपादक पिएर गालांत याच्याशी दुसरं लग्न, अधूनमधून चित्रपट, १९६५ मध्ये कान महोत्सवाच्या परीक्षक मंडळाची पहिली स्त्री अध्यक्ष. २६ जुलै २०२० रोजी पॅरिसमध्येच ती गेली. वय १०४.

कायदा मात्र कामाला लागलेलाच आहे. पण त्याला भोकंही पडली. गायकांचे करार वर्षांत नसतात, अल्बमांच्या संख्येत असतात, आणि सात वर्षांत तेवढे अल्बम बहुधा होत नाहीत. १९८७ मध्ये रेकॉर्ड कंपन्यांनी कायदेमंडळाकडून एक सवलत पदरात पाडून घेतली: सात वर्षांनी गायक जाऊ शकतो, पण न दिलेल्या अल्बमांची भरपाई कंपनी मागू शकते. सात वर्षांचा नियम पुढे करून निघू पाहणाऱ्या ‘थर्टी सेकंड्स टू मार्स’ या बँडवर २००८ मध्ये तब्बल तीन कोटी डॉलरचा दावा लागला. बँडनं डी हॅविलंड निकालाचा आधार घेतला आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. टीव्हीवरच्या नटांना अशी आडकाठी नाही. २०१२ मध्ये ‘मॉडर्न फॅमिली’ मालिकेतल्या कलाकारांनी आमचे करार सात वर्षांच्या पुढे जातात म्हणून बेकायदा आहेत, असा दावा लावला, आणि थोड्याच दिवसांत त्यांना पगारवाढ मिळाली.

ती स्वतःही एकदा परत कोर्टात गेली. २०१७ मध्ये बेट्टी डेव्हिस आणि जोन क्रॉफर्ड यांच्या भांडणावर ‘फ्यूड’ नावाची मालिका आली. त्यात कॅथरीन झीटा-जोन्सनं ऑलिव्हिया रंगवली होती. न विचारता आपल्याला पात्र बनवलं, आपल्या तोंडी नसलेली वाक्यं घातली, कुचाळक्या करणारी बाई म्हणून दाखवलं, अशी तिची तक्रार. दावा लावला तो एकशेएकाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. खालच्या कोर्टानं तिला पुढे जाऊ दिलं. पण मार्च २०१८ मध्ये अपील कोर्टानं दावा फेटाळला. हे तेच, कॅलिफोर्नियाच्या दुसऱ्या जिल्ह्याचं अपील कोर्ट, जिथे ती १९४४ मध्ये जिंकली होती. हयात माणसाची परवानगी घेतल्याशिवाय त्याची गोष्ट सांगायचीच नाही म्हटलं, तर इतिहासावर नाटक-सिनेमा करणं अशक्य होईल, असा त्या निकालाचा रोख. तिच्याबद्दल कितीही आदर असला तरी इथे कोर्टाचंच बरोबर होतं, असं मला वाटतं. तिला ते पटलं नाही. एकशेदोन वर्षांच्या या बाईनं प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नेलं. जानेवारी २०१९ मध्ये त्यांनी ते ऐकायला नकार दिला.